साळूबाईची चोवीस इंजेक्शनं

पोलादपुरात दवाखाना टाकून सुधीरला एकोणीस वर्षं झाली होती. एवढ्या वर्षांत ‘पुढील उपचारासाठी मुंबईला न्यावे’ अशा किती चिठ्ठ्या त्याने लिहिल्या, त्याची मोजदाद नव्हती.

अशीच एक साळूबाईला दिलेली. उमरठच्या वर डोंगरात एक वाडी आहे, तिथली ही चाळिशीची बाई. अंगात त्राण नाही, जेवण जात नाही म्हणून आली होती. रक्त तपासलं तर हिपॅटायटीस सी निघाला. त्र्याण्णव साली धाकटीच्या बाळंतपणात तिला रक्ताच्या दोन बाटल्या चढवल्या होत्या, आणि त्या काळी या विषाणूसाठी रक्त तपासत नसत. यकृत अजून तग धरून होतं. सुधीरने मुंबईच्या एका मोठ्या हॉस्पिटलला चिठ्ठी लिहिली आणि आपलं काम संपलं असं धरलं.

पाच महिन्यांनी, दोन हजार सहाच्या जानेवारीत, ती खोकल्याच्या औषधाला आली. पिशवीतून आधी तीच चिठ्ठी निघाली, प्लास्टिकमध्ये गुंडाळलेली, घडी न मोडलेली.

“गेलाच नाहीत?” सुधीरने विचारलं.

“कशी जानार डाक्टर? मालक सुरतेला. सासूला दिसत नाय. चार म्हशी हायत दावणीला. मी सारखी मुंबईला जायला लागले तर यांच्याकडं बघनार कोन?”

तक्रारीचा सूर नव्हता. आहे ते तिने सांगितलं, आणि म्हणूनच ते सुधीरला लागलं.

त्या दुपारी त्याने हॉस्पिटलला फोन लावला. यकृताच्या तज्ज्ञ डॉक्टर कर्णिक लाइनवर आल्या. साळूबाईला एकाच फेरीत सगळं करून देता येईल का, एवढंच त्याला विचारायचं होतं. कर्णिकांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, “मग तुम्हीच का करत नाही उपचार?”

“मी? मॅडम, मी साधा एमबीबीएस.”

“आठवड्याला एक इंजेक्शन, रोजच्या गोळ्या आणि वेळच्या वेळी रक्ततपासणी. हे सगळं तुमच्या दवाखान्यात होईल. अडेल तिथे मी आहे. दर गुरुवारी दोन वाजता पाच डॉक्टर माझ्याबरोबर फोनवर एकत्र बसतात. सगळे तुमच्यासारखेच, लांबलांबच्या गावांतले. तुम्ही सहावे.”

औषधं एका ट्रस्टकडून मिळवायचं त्यांनी अंगावर घेतलं. मार्चमध्ये साळूबाईला पहिलं इंजेक्शन देण्याआधी सुधीरने डोस दोनदा ताडून पाहिला. “दुखलं नाय,” साळूबाईच म्हणाली.

दर मंगळवारी ती सकाळची धार काढून डोंगर उतरायची, एसटीने यायची आणि दुपारच्या गाडीने परतायची. गुरुवारी सुधीर तिचे आकडे फोनवर वाचून दाखवायचा. कर्णिक लगेच उत्तर देत नसत. “तुम्हाला काय वाटतं?” असं आधी विचारत. पहिले काही गुरुवार सुधीरला परीक्षेला बसल्यासारखं वाटलं. हळूहळू तो फोनची वाट पाहू लागला.

सातव्या आठवड्यात साळूबाई धापा टाकत आली. हिमोग्लोबिन नऊ पॉइंट दोनवर आलं होतं. सुधीर घाबरला. आपल्या हातून बाईचं बरंवाईट झालं तर? त्याने मॅडमना फोन केला नाही. एवढ्या तेवढ्यासाठी विचारतो, असं त्यांना वाटेल असं त्याच्या मनात आलं. इंजेक्शन दिलं नाही, गोळ्या बंद केल्या आणि तिला घरी पाठवलं.

गुरुवारी सांगणं भागच होतं. ते सांगताना त्याचे कान तापले. मग चिपळूणकडचे एक डॉक्टर म्हणाले, “मागच्या वर्षी मीही हेच केलं होतं. तीन आठवडे बंद ठेवलं.”

“तुमचे दोनच दिवस गेलेत,” कर्णिक शांतपणे म्हणाल्या. “हिमोग्लोबिन उतरतं ते गोळ्यांनी. गोळ्या कमी करायच्या, बंद नाही. इंजेक्शन चालूच ठेवायचं. आज देता येईल?”

वाडीवर फोन नव्हता. सुधीरने दवाखान्याला कुलूप लावलं, थर्मासमध्ये बर्फ भरून त्यात इंजेक्शन ठेवलं आणि जीपने उमरठ गाठलं. पुढे तासभराची चढण. वैशाखाच्या उन्हात अर्ध्या वाटेवर त्यालाच बसावं लागलं. हीच वाट ही बाई आजारी अंगाने दर मंगळवारी चढते, हे त्याच्या तेव्हा लक्षात आलं.

साळूबाई गोठ्यात होती. तिने लगबगीने घोंगडी अंथरली.

“साळूबाई, औषध बंद करायला नको होतं. चूक माझी झाली.”

डॉक्टर असं बोलतो, हे तिने कधी ऐकलं नसावं. तिने दंड पुढे केला. इंजेक्शन झाल्यावर ताकाचा तांब्या आणून त्याच्यापुढे ठेवला.

“तुमाला कोनी सांगितलं, चुकलं म्हनून?”

“मुंबईला एक मॅडम आहेत. त्यांना विचारून करतो मी सगळं.”

“विचारता ते बरं हाय,” ती म्हणाली. “आमी पन म्हैस अडली की शेजारच्या ठकूबाईला हाक मारतो.”

पावसाळ्यात दोनदा ओढ्याला पाणी आलं, तरी एकही मंगळवार चुकला नाही. ऑगस्टअखेर चोविसावं इंजेक्शन झालं. विषाणू परतला नाही ना, याची खरी तपासणी मात्र आणखी सहा महिन्यांनी व्हायची होती. फेब्रुवारीत तो रिपोर्ट मुंबईहून आला. विषाणू कुठेच सापडला नव्हता. सुधीरने कागद तीनदा वाचला आणि उमरठच्या एसटीच्या कंडक्टरकडे साळूबाईला बोलावल्याचा निरोप दिला.

साळूबाई नेमकी गुरुवारी आली. रिपोर्ट ऐकून “तुमचे उपकार झाले,” असं म्हणत तिने सुधीरला हात जोडले. दोन वाजत आले होते. “त्या मॅडमशी बोलू का?” तिने विचारलं.

सुधीरने तिच्या हातात रिसीव्हर दिला. तिने तो दोन्ही हातांनी धरला.

“मॅडम, मी वाडीवरची साळू. तुमी मला बघितलं नाय, मी पन तुमाला नाय. पन जेवताना रोज तुमची याद येते. आता भाकर गोड लागते.”

कर्णिक म्हणाल्या, “मी नुसती बोलत होते हो. केलं ते तुमच्या डॉक्टरांनी.”

“त्यांचं त्यांना सांगितलंय मी,” साळूबाई म्हणाली आणि रिसीव्हर परत देऊन गाडीला निघाली.

सुधीरने रिसीव्हर कानाला लावला. गेलं वर्षभर दर गुरुवारी जे बोलायचं राहून जात होतं, ते आज पाच डॉक्टर ऐकत असताना बोलायला त्याला संकोच वाटला नाही.

“मॅडम, एकोणीस वर्षं मी माणसं पुढे पाठवत होतो. यांना मी माझ्या हातांनी बरं केलं. हे तुमच्यामुळे झालं.”

“आणि तुम्ही डोंगर चढून गेलात म्हणून,” कर्णिक म्हणाल्या.

त्यानंतर चिपळूणच्या डॉक्टरांनी आपल्या पेशंटचे आकडे वाचायला घेतले आणि सुधीर पेन उघडून ते लिहून घेऊ लागला.