पोत्याला कुशीवर वळवा

घाबरटांना शिकवावं ते मीच, असा माझा तोरा होता. 'आजाऱ्याची सेवा : घाबरटांसाठी' हे माझं पुस्तक चौथ्यांदा छापून आलं होतं. असली बाकीची पुस्तकं म्हणजे औषधाच्या खोक्यातला बारीक अक्षरांचा कागद. माझं वाचून लोक हसत हसत चादर बदलायला शिकत. शिकाऊ मंडळींच्या वर्गात रोग्याच्या जागी गादीची वळकटी असायची. तिला मी 'पोतं' म्हणायचो. तेच नाव पुस्तकभर पसरलं.

मग दादाला झटका आला. अर्धं अंग गेलं, वाचा गेली. मी, त्याचा सख्खा भाऊ, काय केलं? पुस्तक कुरिअरने पाठवून दिलं. स्वतः उगवलो तीन महिन्यांनी, नवी प्रत काखेत मारून, वर सही ठोकून.

वहिनी चादर बदलायच्या तयारीत होती. खिडकीकडचा पलंगाचा कठडा तिने वर करून ठेवला होता.

"बरे आलात, भाऊजी. रोज आधी वाचून घेते, मग हात लावते. तरी काहीतरी विसरतेच. आज तुम्हीच वाचा ना."

मला तेवढंच हवं होतं. नवी प्रत उघडली, घसा साफ केला आणि वर्गात वाचतो तसं रंगवून सुरू केलं, "पोत्याचा पलीकडचा गुडघा दुमडा. पोतं कुरकुरलं तर गोड हसा, पण ऐकू नका. आता पोत्याला कुशीवर वळवा..."

वर्गात इथे हमखास हशा पिकतो. आज वहिनीचे हात थांबले. मी वर पाहिलं तर दादा माझ्याकडेच बघत होता. त्याचं बोलणं गेलं होतं, कळणं नाही. त्याने मान खिडकीकडे फिरवली. तेवढं त्याला कुणाच्या मदतीशिवाय जमत होतं.

"यातून वाचा," म्हणत वहिनीने तिची प्रत पुढे केली.

कोपरे मळलेले, पानांवर मलमाचे डाग. प्रत्येक 'पोतं' पेन्सिलीने खोडलेलं आणि वर बारीक अक्षरात 'हे', 'यांना', 'यांचा'. रोग्यावरचे विनोद झाडून सगळे छाटलेले. शिकणाऱ्यावरचे मात्र तसेच होते. 'तुमचीच कंबर धरली, तर शेजारी आणखी एक पलंग मावेल का ते मोजून ठेवा', यापुढे तर बरोबरची खूण होती.

"तो वाचून आम्ही दोघं हसलो होतो," ती म्हणाली. "बाकीचे यांना ऐकवलेच नाहीत मी."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तीन महिने तिने जे दादापासून झाकून ठेवलं, ते मी दोन मिनिटांत उघडं केलं होतं, तेही आवाज लावून.

"दादा, चुकलो रे मी."

खिडकीकडची मान हलली नाही.

"ते नंतर," वहिनी म्हणाली. "पाठ ओली राहिली की पडून पडून झालेली जखम चिघळते. तिकडून या आणि हात लावा."

मी खिडकीच्या बाजूला गेलो. दादाने डोळे मिटून घेतले. आठ वर्षं मी हे शिकवत होतो, पण जिवंत माणूस एकदाही वळवला नव्हता. खांद्याला हात घातला तर दादा किती हलका, किती ऊन लागला. दादा मला सायकल शिकवायचा तेव्हा मी दर दहा पावलांवर आपटायचो. हा माणूस एकदाही हसला नव्हता.

"सावकाश," वहिनी म्हणाली.

'वळवताना रोग्याला पडायची भीती वाटते. त्याला धरायला आपला हात द्या.' अख्ख्या पुस्तकात एवढं एकच ठिकाण विनोदाशिवायचं आहे, आणि त्याच्याखाली वहिनीने रेघ मारली होती. मी हात पुढे केला. दादाने डोळे उघडले, माझ्या हाताकडे पाहिलं आणि चांगल्या हाताने कठडा घट्ट धरला.