गादीचे कान

आमच्या दुकानावर एक पाटी आहे: 'आमच्या गादीवर आडवे व्हाल, तर उठणार नाही.' दुकान काढलं तेव्हा आबांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, ती स्वतःच्या हाताने रंगवली. समोरचा न्हावी कित्येक वर्षं सांगतोय की ही जाहिरात गादीची वाटत नाही, भलत्याच जागेची वाटते. आबा त्याला भीक घालत नाहीत. त्यांच्या मते गादीची परीक्षा एकच. आडवा झालेला माणूस उठताना किती कुरकुर करतो, ते बघायचं.

आबांची दुसरी अढळ गोष्ट म्हणजे कान. गादी धरून उचलायला कडेला जाड पट्टीचे फास शिवतात, त्यांना आमच्या घरात कान म्हणतात. "जी उचलता येत नाही ती गादी नव्हे, ओझं," असं आबांचं म्हणणं, त्यामुळे बिनकानाची गादी आमच्या दारातून कधी बाहेर पडलेली नाही. पाळण्यातल्या गादीलासुद्धा आम्ही बोटभर कान लावतो. ती उचलायला कान कशाला लागतात, हे विचारायची सोय नाही.

यंदा आमच्या वरच्या डोंगरावर बर्फातले खेळ भरायचे ठरले, आणि उताराच्या सगळ्यात अवघड वळणावर उभ्या करायच्या जाड गाद्यांचं काम आमच्याकडे आलं. वेगात घसरत येणारा खेळाडू तोल जाऊन बाहेर फेकला गेलाच, तर त्याने खांबावर न आपटता गादीवर आपटावं, एवढाच त्यांचा उपयोग. उताराची व्यवस्था बघणाऱ्या बाई स्वतः नमुना घेऊन आल्या होत्या. नमुन्याला कान नव्हते.

आमच्या दादाला तो बाईंचा विसराळूपणा वाटला. त्याने प्रत्येक गादीला कान लावायला सांगितले, तेही दर्शनी बाजूला, म्हणजे लोकांना दिसतील. आमच्याकडून भेट म्हणून. मशीनवर मी बसते. मी म्हटलं, "दादा, नमुन्यात कान नाहीत."

"नमुन्यात मायाही नसते," दादा म्हणाला. मी पाय मशीनवर ठेवला.

दादा मनाने लोणी आहे, पण चूक कबूल करणं त्याच्या पत्रिकेतच नाही. फार झालं तर म्हणेल, "थोडं इकडेतिकडे झालं." स्वतःच्या लग्नाच्या दिवशी तो चुकीच्या हॉलमध्ये जाऊन दुसऱ्याच वऱ्हाडात जेवायला बसला होता. वहिनी अजून तो विषय काढते, आणि दादा अजून म्हणतो की हॉलवाल्यांनी थोडं इकडेतिकडे केलं.

गाद्या पाठवायच्या आदल्या दिवशी दुकानात एक खेळाडू मुलगी आली. फार लांबच्या देशाची. तिची भाषा आम्हाला येईना, आमची तिला. मान वाकडी करून, डोळे मिटून, मग कपाळावर हात मारून तिने समजावलं की उतरलेल्या जागेची उशी दगडासारखी आहे. दादाने हातातलं काम टाकून तिला उशी करून दिली आणि उशीलाही अर्थातच कान लावले. तोवर ती रांगेने उभ्या केलेल्या गाद्या दाबून बघत होती. एका कानात तिने बोट अडकवलं, जोराने ओढलं, मान हलवली आणि दादाकडे बघून हसली. दादाही हसला. ती गेल्यावर आठवडाभर गिऱ्हाइकांना तो सांगत होता की परदेशातल्या खेळाडूसुद्धा आपल्या कानांवर फिदा आहेत. त्या दिवसापासून ती आमच्या घरात उशीवाली झाली. तिचे केस, तिची भूक, तिची सर्दी यांची काळजी वहिनी इतकी करू लागली की मला माझीच कीव आली. मी याच घरात लहानाची मोठी झाले, पण माझ्या सर्दीला इतका मान कधी मिळाला नाही.

उद्घाटनाच्या संध्याकाळी दुकान अर्धं बंद ठेवून दादाने मोठा टीव्ही लावला आणि आळीला बोलावलं. माणसं विकायला ठेवलेल्या गाद्यांवर चपला काढून बसली. कोपऱ्यात आबा त्यांच्या नेहमीच्या गादीवर पडून होते. पाय साथ देत नसल्यामुळे त्यांना उठवून बसवावं लागतं.

एकेका देशाचा चमू झेंडा घेऊन येत होता, आणि आमची मंडळी घरबसल्या न्याय देत होती. औषधाच्या दुकानदाराला सगळ्यांचे कपडे अपुरे वाटत होते. "उद्या निम्मी जनता माझ्याकडे खोकत येणार," ते म्हणाले, आणि त्यांना त्याचं फारसं दुःख झालेलं दिसलं नाही. वहिनीला नाचणाऱ्या मुलींच्या उघड्या पायांकडे बघवेना. ती स्वतःच्या पायांवर रजई ओढत होती. पाहुण्यांची भाषणं लांबली तसा न्हावी आडवा झाला आणि पाटी खरी करून दाखवू लागला. बर्फावर रंगीत दिवे नाचले तेव्हा मात्र सगळे गप्प झाले. मला तर उगाचच रडू आलं. चारचौघांत शिंकही दाबणारी मी, हे कुणाला कळू दिलं नाही.

उशीवाली दिसली तेव्हा वहिनीने टाळ्या वाजवल्या. "वाळलीये," ती म्हणाली.

"खरी मजा परवा," न्हावी जागा होऊन म्हणाला. "आपलं तिकीट त्या वळणापाशीच आहे. दोनचार जण तरी गडगडले पाहिजेत. सगळे नीट खाली उतरले तर बघायचं काय? नीट तर माझी सासूसुद्धा उतरते."

सगळे हसले. दादाही हसला, कारण त्यालाही मनातून तेच हवं होतं. कोणी पडल्याशिवाय गादी टीव्हीवर दिसणार कशी?

पण ती न पडताच दिसली. खेळाडूंच्या सुरक्षेसाठी यंदा काय काय केलंय, याची छोटी फिल्म लागली. कॅमेरा वरून उतारावर आला, वळणावर आला, आणि तिथे आमच्या गाद्या ओळीने उभ्या होत्या. प्रत्येकीचे कान पुढे आलेले. दुकानात शिट्ट्या झाल्या. न्हाव्याने दादाची पाठ इतक्या जोरात थोपटली की दादा खोकला. टीव्ही मात्र पुढे सरकला होता. मागच्या कुठल्यातरी स्पर्धेतली पडझड दाखवत होते, अगदी सावकाश करून. एक खेळाडू पाठीवर घसरत कडेला आला, त्याच्या पायातल्या स्कीचं टोक जाळीच्या भोकात अडकलं, अंग पुढे गेलं आणि पाय मागेच राहिला.

वहिनीने कप खाली ठेवला.

"त्या पोरीने कानात बोट अडकवून ओढलं होतं," ती दादाला म्हणाली. "मग मान हलवली. अहो, तिला कान आवडले नव्हते. अडकेल, असं सांगत होती ती."

औषधवाले हळूच म्हणाले, "सराव उद्या सकाळपासून आहे."

दादाचा चेहरा पडला. आत्ताच आळीने शिट्ट्या मारल्या होत्या, त्यांचा आवाज अजून भिंतींत होता. त्याने आबांकडे पाहिलं. कान आबांचे. "बारीक पट्टी आहे," तो म्हणाला. "एवढ्याशा फासात स्की कशाला अडकतेय? आणि समजा, थोडं इकडेतिकडे..."

"कान कशाला असतात रे?" आबांनी पडल्या पडल्या विचारलं.

"उचलायला."

"त्या गाद्या तिथून कोण उचलणार आहे?"

दादा आबांच्या गादीशी जाऊन बसला.

"फोन कर त्या बाईंना," आबा म्हणाले. "आणि इकडेतिकडे झालं, असं म्हणू नकोस."

दादाने फोन लावला. घंटा वाजत राहिली, आणि तेवढ्यात औषधवाल्यांनी टीव्हीकडे बोट केलं. मान्यवरांच्या मागच्या रांगेत त्याच बाई बसल्या होत्या. झेंडा वर चढत होता, सगळे ताठ उभे होते आणि बाई गुपचूप पर्समध्ये हात घालत होत्या. त्यांनी फोन कानाला लावला तो आम्ही टीव्हीवर पाहिला, आणि त्यांचा आवाज दादाच्या फोनमधून ऐकला.

"बाई, मी गादीवाला," दादा म्हणाला. "मी चुकलो."

वहिनीने माझा हात घट्ट धरला. लग्नानंतर हे दोन शब्द तिने पहिल्यांदाच ऐकले होते, आणि तेही दुसऱ्या बाईला उद्देशून. दादा कानांचं सगळं सांगत गेला, टीव्हीवर बाईंचा चेहरा बदलत गेला, आणि मग त्या पुढच्या साहेबांची टोपी पाडून, माफीही न मागता रांगेतून बाहेर पडल्या. एवढ्या मोठ्या सोहळ्यात ती टोपी का पडली, हे जगात फक्त आमच्या दुकानाला माहीत होतं.

सकाळी सरावाआधी आम्ही वळणावर पोचलो. दादा, वहिनी, मी आणि न्हावी. आबांनी उशाखालची त्यांची जुनी कातर दादाच्या हातात दिली होती. तिला एरवी कोणी हात लावलेला त्यांना चालत नाही. बाई आधीच तिथे होत्या. त्यांनी दादाला असं काही झापलं की मी लहानपणापासून जे जे बोलायचं राखून ठेवलं होतं, त्यातलं बरंचसं परस्पर उरकलं. मग त्या थोड्या शांत झाल्या. "मीसुद्धा बघून घेतल्या होत्या," त्या म्हणाल्या. "मला वाटलं, बांधताना कान मागे जातील. आता उभे काय राहिलात? कापा."

आम्ही कापू लागलो. गार वाऱ्याने बोटं बधिर झाली होती. न्हाव्याचे हात सगळ्यात वेगात चालत होते. "आयुष्यभर कान सांभाळत केस कापले," तो म्हणाला, "आज केस नाहीत आणि कानच कापतोय." दादा हसला नाही. प्रत्येक कान कापल्यावर तो तिथे अंगठा फिरवून बघत होता, काही टोक राहिलं का ते. माझे टाके असे सहज सुटत नाहीत, त्यामुळे त्या दिवशी मला माझ्याच पक्क्या शिवणीचा राग आला.

शर्यतीच्या दिवशी वळणापाशी ही गर्दी. लोकांना वेग हवा होता. कोणी जरा जपून वळण घेतलं की मागून "हळूबाई" अशी हाक यायची. दोनचार जण गडगडले पाहिजेत म्हणणारा न्हावी मात्र कठडा घट्ट धरून प्रत्येकाला पुटपुटत होता, "सावकाश रे बाबा, सावकाश." शर्यत सगळ्यात लवकर खाली पोचायची होती, याची त्याला आठवण करून द्यायची माझी हिंमत झाली नाही. दादा गाद्यांकडे बघत होता. आयुष्यात पहिल्यांदाच आपल्या गादीवर कोणी पडू नये, असं त्याला वाटत होतं.

उशीवाली आली ती वाऱ्यासारखी. वळणाच्या तोंडाशी तिची एक स्की पायातून निसटली. ती आडवी झाली, पाठीवर फिरली आणि थेट आमच्या गाद्यांवर येऊन आदळली. दुसरी स्की पायातच होती. तिचं टोक गादीच्या कडेवरून खरवडत गेलं, कान होता त्या जागेवरून गेलं आणि कुठेही न अडकता सुटलं.

गर्दी एकदम गप्प झाली. हळूबाई म्हणणारेसुद्धा. वहिनीने डोळे झाकले होते. "सांग, सांग," ती मला म्हणत होती.

मग उशीवाली हलली. उठून बसली. खांदा धरून उभी राहिली आणि दुसरा हात वर केला. टाळ्यांचा कडकडाट झाला. ती जिंकली नव्हती, पण इतक्या टाळ्या त्या दिवशी जिंकणारीलाही मिळाल्या नाहीत. खाली जायच्या आधी ती गादीकडे वळली. कापलेल्या पट्टीच्या जागी तिने बोट लावून ओढून पाहिलं. हाताला काही लागलं नाही. तेव्हा तिने गादीवर एक थाप मारली, गिऱ्हाईक घेताना मारतं तशी.

दादा बर्फात मटकन खाली बसला आणि ढसाढसा रडू लागला. आम्हीही रडत होतो. वहिनीने नाक पुसत त्याला दंडाला धरलं. "उठा," ती म्हणाली. "बर्फ गार आहे, आणि इथे आपली पाटी नाही."

घरी आलो तेव्हा आबा टीव्ही बंद करून पडले होते. दादाने कालपासून खिशात ठेवलेली कातर त्यांच्या उशाखाली सरकवली.

"पाहिलंत?" त्याने विचारलं.

"ती पडली तेवढं पाहिलं. पुढचं पाहायचा धीर झाला नाही. बंद केला." आबांनी मान वळवली. "किती वेळ पडून होती?"

"लगेच उठली, आबा."

आबांनी डोळे मिटले.

"मग गादी चांगली झाली," ते म्हणाले.