गार दुकानाची मागची खोली

जळक्या लोकरीचा वास आधी मास्तरांना आला. शिलाईचं मशीन थांबवून त्यांनी मान वर केली, तेव्हा आक्काने इस्त्री उचलून बाजूला उभी केली होती आणि कोटावरचं फडकं उचलायला तिचा हात धजत नव्हता.

"उचल," मास्तर म्हणाले. "झाकून ठेवल्याने डाग जाणार आहे का?"

तिने फडकं उचललं. राखी कोटाच्या खिशावर जी झडप असते, तिच्यावर तपकिरी ठसा उमटला होता. इस्त्रीच्या टोकाएवढाच. झडपेखालचा कोट वाचला होता.

बावीस वर्षं. बावीस वर्षांत तिच्या हाताखाली साधं बटण वितळलं नव्हतं. दुकानात कपडे शिवणारे चार मास्तर येऊन गेले, थोरले मालक जाऊन धाकटे गादीवर बसले, पण जळका कपडा एकही नाही. ती टेबलाची कड धरून उभी राहिली. घाम कपाळावरून भुवईत, भुवईतून डोळ्यात उतरत होता आणि तो पुसायचंही तिच्या लक्षात आलं नाही.

"गाल," ती म्हणाली. "गालाला कळलंच नाही हो मास्तर."

तिच्या इस्त्रीचा उष्णता कमी-जास्त करायचा काटा केव्हाच बिघडलेला होता. तिला त्याची गरज नव्हती. इस्त्री गालापासून चार बोटांवर धरायची, क्षणभर थांबायचं, आणि सुती, रेशमी की लोकरी, कशाला चालेल ते गाल सांगायचा. तिच्या आईने तिला हेच शिकवलं होतं आणि ते कधी चुकलं नव्हतं. फक्त त्यासाठी गाल गार असावा लागतो. स्वतःच भाजत असलेल्या गालाला इस्त्रीचं काय कळणार?

आणि पाच महिन्यांपासून तिचा गाल भाजत होता.

हे गाव थंड नाही, पण गरमही नाही. इथली माणसं वर्षातले दोन महिने पंखा लावतात आणि उरलेले दहा महिने पंख्यावरची धूळ पुसतात. संध्याकाळी बाहेर पडताना हातात काहीतरी ऊबदार असलेलं बरं, अशी इथली हवा. अशा गावात धाकट्या मालकांनी कपड्यांच्या दुकानाला एसी बसवला. का? समोरच्या दुकानात होता म्हणून. समोरच्याने का बसवला होता? त्याने शेजारच्याचा पाहिला होता. गरमी कुणालाच होत नव्हती. पण काचेचं दार लावून आत गारेगार केलं की माल दीडपट महाग वाटतो, हे सगळ्यांना समजलं होतं.

आता एसी गारवा काही आभाळातून आणत नाही. तो पुढची गरमी उचलतो आणि मागे नेऊन टाकतो. आपल्या अंगणातला कचरा शेजाऱ्याच्या दारात लोटावा, तसं. त्याचे बाहेरचे दोन डबे दुकानाच्या दर्शनी भिंतीवर लावले असते तर दुकानाची पाटी झाकली गेली असती. म्हणून ते मागच्या बोळात टांगले. बोळात एकच खिडकी उघडते, आक्काच्या खोलीची. डबे तिच्यापासून चार हातांवर. खिडकी उघडली की भट्टीचं तोंड उघडल्यासारखा झोत आत येई. बंद केली की इस्त्रीची वाफ कोंडे. ओलं फडकं पसरल्या पसरल्या सुकायला लागे.

पुढे विकायला उभ्या असलेल्या दोघी मुली दिवसभर स्वेटर घालून असत. त्यातल्या एकीचं नाक कायम गळायचं. ती मधूनच मागे येऊन हात शेकून जायची.

"आक्का, तुमच्याकडे किती छान गरम असतं."

"मग तू राहा इथं. मी जाते पुढे नाक गाळायला."

मुली हसायच्या. आक्का हसायची नाही. तिने मालकांना तीनदा सांगितलं होतं. पहिल्यांदा ते म्हणाले, बघू. दुसऱ्यांदा म्हणाले, सवय होईल. तिसऱ्यांदा, म्हणजे गेल्याच आठवड्यात, तिने सरळ सांगितलं, डबे हलवा, नाहीतर मी कामगार कचेरीत अर्ज देते. त्यावर मालक काहीच बोलले नव्हते, आणि तेच तिला खटकलं होतं.

"किती वाजता यायचंय गिऱ्हाईक?" मास्तरांनी विचारलं.

"पाचला."

चार वाजून पाच मिनिटं झाली होती. मास्तरांनी कोट ओढून घेतला, चष्मा वर सारला आणि चिंध्यांच्या पेटीत हात घातला. राखी कापडाचा हातभर तुकडा उरला होता. "फक्त झडप आहे," ते म्हणाले. "काढतो आणि दुसरी लावतो. कोटाच्या बापालाही कळणार नाही. तू तोंड धू."

तिने तोंड धुतलं नाही, कारण दारात मालक उभे होते. वास पुढपर्यंत गेला होता.

पस्तिशीचा माणूस. अंगात बंद गळ्याचा गरम कोट. स्वतःच्याच दुकानात त्याला तो लागायचा.

"काय जाळलंत?"

"झडप जळली," आक्का म्हणाली. "माझ्या हातून."

"दाखवा." त्यांनी ठसा पाहिला, मान हलवली, आणि त्यांच्या तोंडावर रागापेक्षा सुटका जास्त दिसली. ते पुढे गेले आणि गल्ल्याच्या खणातून एक कागद घेऊन आले. "आक्का, मी काही ओरडणार नाही. तुम्ही मला लहानपणापासून बघितलंय. वय होतं माणसाचं. इथे सही करा, म्हणजे महिनाअखेरपर्यंत राहा आणि मानाने जा."

आक्काने कागद वाचला. ती सावकाश वाचायची, पण नीट वाचायची. 'वयोमानामुळे माझ्याकडून कामात चुका होत आहेत. तरी मी स्वखुशीने काम सोडत आहे. माझी दुकानाविरुद्ध कसलीही तक्रार नाही.'

कागद छापलेला होता. तिचं नाव, पत्ता, सगळं छापलेलं.

"डाग आत्ता पडला," ती म्हणाली. "दहा मिनिटं झाली असतील. आणि हा कागद कधी छापलात?"

मालकांनी खिशातला मोबाइल काढला आणि परत ठेवला.

"चुका, असं लिहिलंय. किती चुका? सांगा ना, मोजू आपण. बावीस वर्षांत एक. तीही एसी नसता तर झाली नसती."

"सगळ्याचं खापर एसीवर फोडू नका. मास्तरही इथेच बसतात की. मास्तर, तुम्हाला होतो का त्रास?"

मशीन एक क्षण थांबलं. मास्तर चौसष्ट वर्षांचे. गेल्याच महिन्यात ते कात्री हातात असताना याच खोलीत भिंतीला टेकून खाली बसले होते, आणि आक्काने त्यांच्या डोक्यावर इस्त्रीच्या फडक्यावर शिंपडायचं पाणी ओतलं होतं.

"माझं काय," मास्तर म्हणाले. "मी बसून असतो." आणि मशीन पुन्हा सुरू झालं.

"बघा," मालक म्हणाले.

"बघितलं." आक्काने कागद टेबलावर ठेवला. "आता तुम्ही एक करा. इथं दहा मिनिटं उभे राहा. माझ्या जागेवर, इस्त्री चालू ठेवून. दहा मिनिटं राहिलात तर मी सही करते. चुका दहा झाल्या म्हणून लिहा, त्यावरही करते."

"हा काय पोरखेळ आहे?"

"पोरखेळच आहे. मग घाबरता कशाला?"

नाक गळणारी मुलगी दारात येऊन उभी होती. तिच्यामागे दुसरी. मालकांना मागे फिरता येईना. ते टेबलामागे जाऊन उभे राहिले. आक्काने इस्त्री लावली, ओलं फडकं त्यांच्यापुढे पसरलं आणि खिडकी उघडली. बोळातला झोत त्यांच्या मानेवर आला.

मास्तरांचं मशीन तेवढं थांबून थांबून चालत होतं. पहिल्या मिनिटाला मालकांनी गळ्याचं बटण काढलं. दुसऱ्या मिनिटाला कानशिलावरून थेंब उतरला. फडक्यावर वाफ उठत होती आणि ते तोंड कुठे फिरवावं ते शोधत होते. तिसरं मिनिट सरलं आणि त्यांनी मोबाइल कानाला लावला. मोबाइल वाजला नव्हता.

"मला फोन आहे," ते म्हणाले आणि दारातल्या मुलींना बाजूला सारत पुढे गेले. जाता जाता म्हणाले, "पाचच्या आत सही हवी. नाहीतर आजचा दिवस शेवटचा समजा."

"आक्का," मास्तर मान न उचलता म्हणाले, "मला घर आहे गं."

"आणि मी काय झाडावर राहते?"

मास्तरांनी मान आणखी खाली घातली. पण त्यांनी शिवलेली झडप तिने नंतर हातात घेतली, तेव्हा तिला टाका सापडला नाही. कापडाची वीणसुद्धा रेघेला रेघ जुळवली होती. घाबरट माणसाचे हात एवढे निर्भय कसे असतात, कोण जाणे.

पाचला गिऱ्हाईक आलं. निवृत्त बस ड्रायव्हर, लेकीच्या पदवीदानाला जायचं म्हणून आयुष्यातला पहिला कोट शिवून घेतला होता. गाडी पहाटेची होती. तो खुर्चीत बसला, दोन मिनिटांनी उठला, हात काखेत घालून उभा राहिला.

"एवढं गार कशाला करून ठेवलंय?" त्याने मुलीला विचारलं. "बाहेर किती बरं आहे. दार उघडं ठेवलं तरी भागेल की."

मुलीने मालकांकडे पाहिलं. मालकांनी छताकडे.

झडप लावून झाली होती, शेवटची इस्त्री तेवढी राहिली होती. मास्तरांनी कोट आक्कापुढे ठेवला. तिने खोलीकडे पाहिलं, खिडकीकडे पाहिलं. मग इस्त्रीची वायर काढली.

"इथं नाही करणार. दुसऱ्यांदा नाही जाळणार."

तिने इस्त्रीचं टेबल धरून ओढलं. जड होतं, पाय फरशीवर किंचाळले. नाक गळणाऱ्या मुलीने आपणहून दुसरं टोक धरलं. दोघींनी ते दुकानाच्या मधोमध आणलं, आरशासमोर, जिथे पुतळ्यांना नवे कपडे घालून उभं केलं होतं. दोन गिऱ्हाइकं बाजूला झाली.

मालक जवळ आले. आवाज दबलेला. "आक्का, काय तमाशा चालवलाय? लोक बघतायत."

"बघू देत. हे कोट आपोआप सरळ होत नाहीत, हे कळू दे की त्यांनाही."

ती ड्रायव्हरकडे वळली. "तुमच्या कोटाची झडप माझ्या हातून जळली होती. मास्तरांनी नवी लावलीय. कोट नको वाटत असेल तर तसं सांगा."

ड्रायव्हरने कोट उलटापालटा केला, बोटाने शिवण चाचपली. "कुठं काय? दिसत तर नाही."

"दिसत नाही म्हणून झालंच नाही, असं नसतं."

तो तिच्याकडे पाहत राहिला. तिचे केस कपाळाला चिकटलेले, पाठीवर ब्लाउज भिजलेला, आणि आजूबाजूला सगळे स्वेटरात. "तुम्ही कुठून आलात एवढ्या भिजून?" त्याने विचारलं.

"मागून," ती म्हणाली.

तोवर तिथे लावलेली इस्त्री तापली. गार हवेत आक्काचा गाल निवला होता. तिने इस्त्री गालाशी धरली, थांबली, अजून थोडी थांबली, आणि फडक्यावर ठेवली. वाफ उठली. एक, दोन, तीन दाब. झडप खिशावर बसली ती जणू कापडातूनच उगवली होती. तिने कोट झटकला आणि ड्रायव्हरच्या अंगावर चढवला. ऊब त्याच्या खांद्यांना लागली असावी. तो आरशाकडे न पाहता क्षणभर तसाच उभा राहिला.

तो गेल्यावर मालकांनी कागद टेबलावर सारला. आक्काने पेन मागितलं. छापलेल्या ओळींवर तिने एक आडवी रेघ मारली आणि खाली सावकाश, एकेक अक्षर कोरत लिहिलं, 'आज एक झडप जळली. हात माझा होता. गरमी दुकानाची होती.' त्याखाली सही केली.

"याचा मला काय उपयोग?" मालक म्हणाले.

"तुम्हाला नाही. मला." तिने कागदाची घडी घातली आणि पिशवीत ठेवली.

"मग निघा आता."

"निघते. इस्त्री निवू दे."

"राहू द्या ती. मुली उचलतील."

"गरम इस्त्री टाकून जायची नसते," आक्का म्हणाली. "कुणाचा तरी हात पडतो."

तिने वायर काढून गुंडाळली आणि इस्त्री उभी ठेवली. गल्ल्याजवळ मालक घड्याळाकडे पाहत होते. दोन्ही मुली कपड्यांच्या घड्या घालायचं नाटक करत होत्या. मागे मास्तरांचं मशीन कधीचं थांबलं होतं, पण ते बाहेर आले नाहीत. छतातून गार हवा पडत होती आणि आक्काच्या पाठीवरचा घाम सुकून तिला हुडहुडी भरत होती. जुन्या जड इस्त्र्या असल्या थंडीतही लवकर निवत नाहीत. तिने इस्त्रीच्या तळाला हात लावून पाहिला.

अजून कोमट होती. ती उभी राहिली.