शिरेतली जाळी आणि तिसरे पान

आपल्याकडे दवाखान्याची फाईल कोण वाचतो? औषधाच्या दुकानातला माणूस! तो गोळ्यांच्या पाकिटावर पेनाने रेघा ओढून देतो, सकाळी एक, संध्याकाळी दोन. आणि आपण फाईल पिशवीत घालून खुंटीला अडकवतो. जैनथ गावच्या मंडल कार्यालयातील, म्हणजे तालुका कचेरीतील, कारकून अमरदीप याने हेच केले होते. एरवी अर्जावर एक सही राहिली तरी हा माणूस अर्जदाराला परत पाठवी.

दोन वर्षांपूर्वी त्याच्या आईच्या, बयनाबाईंच्या, पायात रक्ताची गुठळी झाली. पोटातल्या जखमेतून रक्त जात असल्याने रक्त पातळ करणारे औषध देता येईना. गुठळी फुप्फुसात जाऊ नये म्हणून डॉक्टरांनी पोटातील मोठ्या शिरेत तारेची बारीक जाळी बसवली. तीन महिन्यांनी ती काढून घ्यावी, असे फाईलच्या तिसऱ्या पानावर इंग्रजीत लिहिले होते. ते पान कोणी उलटले नाही.

आता जाळीत गुठळ्या अडकून बयनाबाईंचे दोन्ही पाय सुजले होते. नागपूरला डॉ. नीलिमा यांनी मानेच्या शिरेतून नळी घालून जाळीच्या टोकाचा आकडा तारेच्या फासात पकडून ती ओढून काढण्याचा नेहमीचा उपाय केला. तो फसला. जाळी कलंडली होती. आकडा शिरेच्या भिंतीत रुतून बसला होता.

अमरदीपला काहीच वाटत नव्हते, भीतीसुद्धा नाही. दुसऱ्या प्रयत्नाचे संमतिपत्र समोर येताच त्याने शेवटचे पान काढून पेन टेकवला.

"न वाचताच?" डॉक्टरांनी विचारले.

"तुमी म्हणान तसं, म्याडम. आमाले काय समजते?"

"कचेरीत काय काम करता?"

"अर्ज तपासतो."

"सगळी पानं?"

त्याने कागदावरून पेन उचलला.

"डॉक्टरला विचारणं म्हणजे अपमान नव्हे. आणि जाळी काही तुमच्या पोटात नाही."

"माह्या पोटात हाय ना!" खाटेवरून बयनाबाई कडाडल्या. "तीन महिन्यांतच काढाची होती, हे मले आज समजून राह्यलं! लोकायचे कागद वाचतं, मायचा काऊन नाही? वाच, मोठ्यानं वाच!"

तो वाचू लागला, एकेक ओळ आपल्या बोलीत सांगत. चिमट्याने आकडा मोकळा करतील. शीर फाटू शकते. रक्त गेले तर पोट उघडावे लागेल. क्वचित मृत्यू. ही ओळही त्याने वाचली.

"अन् नाही काढली तं?" बयनाबाईंनी विचारले.

"गुठळ्या होत राहतील, सूज वाढेल," डॉक्टर म्हणाल्या. "हमी दोन्हीकडे नाही."

बयनाबाईंनी कागद आपल्याकडे ओढला.

"मंग काढा." अंगठा त्यांनी स्वतः उमटवला.

अडीच तासांनी जाळी निघाली. जाळीच्या तारेचा एक पाय तुटून शिरेतच राहिला. तो ओढण्यात धोका अधिक होता.

"तो सरकला तर कसं कळन? पोटाचा फोटो केव्हा काढाचा?" अमरदीपने विचारले. उत्तरे त्याने लिहून घेतली आणि आईला वाचून दाखवली. वाचता वाचता त्याला प्रथमच रडू आले.

वाचकहो, आपल्या घरात एकाला तरी वाचता येते. त्याने शेवटच्या ओळीपर्यंत वाचावे, आणि ज्याचे शरीर आहे त्याला ऐकवावे. निर्णय शरीर ज्याचे, त्याचा आहे!