सतराव्या प्रश्नातला वर्ग

कल्याणला खडकपाड्यात धनेश सरांचा क्लास होता आणि क्लासच्या दारावरच्या फ्लेक्सवर स्वतः सर होते. हाताची घडी, काळा कोट, मागे कडाडणारी वीज, खाली ‘फिजिक्सचे बादशहा’. बादशहा बारावीनंतर नेमकं काय शिकले होते ते फ्लेक्सवर नव्हतं, पण बादशहाला सर्टिफिकेट कोण मागणार?

प्रियांका सोनावणेकडे फिजिक्सची एम.एस्सी. होती, म्हणून तिला मागच्या खोलीत बसवलं होतं. तिला ‘डाउट रूम’ म्हणत. सर पुढे शिकवायचे, पोरांना काही कळायचं नाही, मग पोरं मागे यायची आणि प्रियांका तोच धडा पहिल्यापासून शिकवायची. निकाल लागला की यशाचं श्रेय पुढच्या खोलीला जायचं. विठ्ठलवाडीला घरी आई विचारायची की तू तिथे नक्की करतेस काय. प्रियांका सांगायची, डाउट काढते.

जुलैत ‘सुपर बॅच’साठी बारावीच्या मुलांची चाचणी झाली. सुपर बॅचला एसी, बाकीच्यांना पंखा. सरांनी स्वतः पेपर काढला, उत्तरांची यादी लिहिली आणि तपासायचं किरकोळ काम प्रियांकाकडे दिलं. ती सतराव्या प्रश्नाशी अडली. दोन मायक्रोकूलॉम आणि तीन मायक्रोकूलॉमचे दोन चार्ज एकमेकांपासून तीस सेंटिमीटरवर ठेवलेत, तर त्यांच्यातलं बल किती? सरांच्या यादीत उत्तर होतं ०.१८ न्यूटन.

प्रियांकाने कागदावर गणित मांडलं. दोन चार्जांचा गुणाकार, त्याला कूलॉमचा स्थिरांक, आणि भागिले अंतराचा वर्ग. तीस सेंटिमीटर म्हणजे ०.३ मीटर, त्याचा वर्ग ०.०९. उत्तर आलं ०.६. बादशहा वर्ग करायचाच विसरले होते, नुसतं ०.३ ने भागून मोकळे झाले होते. तिने तीनदा करून बघितलं. चूक आपलीच असावी असं वाटण्याची तिला तिथे सवय लागलेली होती.

ती केबिनमध्ये गेली तेव्हा सर नव्या फ्लेक्ससाठी फोटो निवडत होते. तिने कागद पुढे ठेवला. सरांनी तो बराच वेळ पाहिला आणि शांतपणे सांगितलं की उत्तरांची यादी पालकांच्या ग्रुपवर गेलेली आहे.

“पण सर, अंतराचा वर्ग राहिलाय.”

“वर्ग ठीक आहे मॅडम. पण यादी म्हणजे यादी.”

झालं. दोनशे वर्षांहून जुना नियम एका व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपपुढे हरला. नऊ मुलांनी ०.६ लिहिलं होतं, त्या नवांचा मार्क गेला आणि त्यातली चार एका मार्काने सुपर बॅचबाहेर राहिली. चौघांत कृतिका नावाची एक अबोल मुलगी होती. ती म्हणजे क्लासच्या जागेच्या मालकांची, गोपीनाथ आजोबांची नात, हे मात्र सरांच्या ध्यानात राहिलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी गोपीनाथ आजोबा पेपर हातात घेऊन खाली आले, मागे कृतिका. त्यांच्या वडिलांनी कळव्याच्या खाडीकडे मिठागरात जन्म काढला होता. त्यांनी स्वतः इथली जमीन बिल्डरला देऊन वरचा अख्खा मजला आणि खालची क्लासची जागा घेतली होती. ते खुर्चीत बसले.

“माजे नातीचा उत्तर बरोबर हाय का नाय, येवढाच सांगा.”

सरांनी पेपर उलटसुलट करून पाहिला. ते म्हणाले की एका दृष्टीने बरोबर आहे. आजोबांनी दुसरी दृष्टी कोणती ते विचारलं, तेव्हा सरांनी घाईने प्रियांकाला हाक मारली.

प्रियांका म्हणाली, “आजोबा, दृष्टी एकच आहे. कृतिकाचं बरोबर आहे. आणि आणखी आठ जणांचं.”

शेवटचं वाक्य कोणी मागितलं नव्हतं. सरांनी ते ऐकलंच नाही. कृतिका उद्यापासून सुपर बॅचमध्ये, असं त्यांनी जाहीर केलं. बाकीच्यांचं बघू, शिस्तीचा प्रश्न असतो. आजोबांचं काम झालं होतं, ते जेवायला वर निघाले. कृतिका जागची हलली नाही. तिने बारीक आवाजात सांगितलं की सगळ्यांचं बदलणार नसाल तर मला पंखाच बरा.

प्रियांकाला त्या मुलीपुढे लाज वाटली. आपण एम.एस्सी. होऊन कागद दाखवून परत येतो आणि ही सतरा वर्षांची पोर एसी नाकारते. ती डाउट रूममध्ये गेली, गणित पायरीपायरीने स्वच्छ अक्षरात लिहिलं, फोटो काढला आणि पालकांच्या ग्रुपवर टाकला. मग नोकरी गेलीच असं धरून डबा पिशवीत भरला.

वीस मिनिटांत फोटो सगळ्या पालकांनी पाहिला. मग एका पालकाने विचारलं की ०.६ आणि ०.१८ मध्ये नक्की कोणतं पाठ करायचं. दुसऱ्याने विचारलं की अनुभव कोणाचा जास्त, सरांचा की मॅडमचा. तेवढ्यात सरांचा लांबलचक मेसेज आला. सतरावा प्रश्न हा सापळा होता. यादीतल्या उत्तरापेक्षा स्वतःच्या गणितावर विश्वास ठेवणारी मुलं त्यांना शोधायची होती. अशी नऊ रत्नं सापडली. नऊही जण सुपर बॅचमध्ये. पालकांनी सरांवर फुलांचा पाऊस पाडला.

नंतर सर डाउट रूमच्या दारात आले आणि दुखावल्या आवाजात म्हणाले की मॅडम, तुम्ही माझा सगळा प्लॅन फोडलात. प्रियांकाने माफी मागितली नाही. सरांनीही वाट पाहिली नाही. जाता जाता त्यांनी सांगितलं की मला हल्ली मॅनेजमेंटमुळे वेळ होत नाही, तर सुपर बॅचला हा धडा तुम्हीच पुन्हा घ्या.

सोमवारी ती पहिल्यांदा पुढच्या खोलीत उभी राहिली. कृतिका पहिल्या बाकावर होती. शिकवणं सुरू झाल्यावर धनेश सर आत येऊन शेवटच्या बाकावर बसले. देखरेखीसाठी आलोय, असं त्यांनी आधीच सांगून ठेवलं. त्यांच्याजवळ वही होती. प्रियांकाने फळ्यावर सूत्र लिहिलं तसं त्यांनी खाली मान घालून ते उतरवून घेतलं. अर्ध्या तासाने मागून एक हात वर आला.

“मॅडम,” सरांनी विचारलं, “एक चार्ज मायनस असला तर?”

सगळा वर्ग मागे वळला. सरांचे कान लाल झाले होते, पण हात खाली आला नव्हता. प्रियांकाने खडू घेतला आणि ‘मग ते दोन चार्ज एकमेकांना ओढतात,’ असं म्हणून शेवटच्या बाकावरून दिसेल एवढी मोठी आकृती काढायला घेतली.