थोरलीचा बूट

जनावरांच्या डॉक्टरीणबाई दुकानात शिरल्या तेव्हा त्यांच्या काखेत वर्तमानपत्राची जाडजूड गुंडाळी होती. चार पानं एकमेकांना चिकटवून केलेला तो कागद त्यांनी टेबलावर पसरला. त्यावर पेनानं काढलेला भलामोठा गोल पाहून दुकानातल्या दोघींपैकी नणंदेनं विचारलं, की टेबलासाठी आच्छादन शिवायचं आहे का. पाऊल आहे, डॉक्टरीणबाई म्हणाल्या. पुढचं, डावं.

इस्पितळामागच्या गल्लीतलं हे दुकान नणंद-भावजयींचं. वहिनी साचे घेऊन बूट बांधायची, नणंद शिवायची. धडधाकट पायांसाठी तिथं काहीच मिळत नसे. एक पाय आखूड असलेले, बोटं गेलेले, टाचेची जखम भरत नसलेले लोक यायचे, आणि त्यांच्या पावलांचे प्लास्टरचे साचे भिंतीवरच्या फळ्यांवर ओळीनं मांडलेले असायचे. वहिनीला माणसांचे चेहरे लक्षात राहत नसत, पावलं मात्र राहायची. हिच्यापासून लपायचं असेल तर आधी मोजे घाला, असं नणंद येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायची.

हे पाऊल होतं एका हत्तिणीचं. तिला सगळे थोरली म्हणत. गावोगाव फिरणाऱ्या सर्कशीच्या खेळात तिनं उभी हयात काढली होती. खेळ बंद पडल्यावर तिला गावाबाहेरच्या कुंपण घातलेल्या मोकळ्या जमिनीवर आणून ठेवलं होतं. पण खेळ नसेल तेव्हा वर्षानुवर्षं सिमेंटवर उभं राहून तळवा आतून सडला होता. मुठीएवढी जखम. औषध लावलं, की तासाभरात चिखल-मातीत जायचं. माणसाच्या पायाला तुम्ही बूट करता, तर हिच्या का नाही, असा डॉक्टरीणबाईंचा सरळ सवाल होता. वहिनीनं तो मनावर घेतला.

दुसऱ्या दिवशी माप घ्यायला दोघी गेल्या. जाड लोखंडी गजांच्या अलीकडे माणसं, पलीकडे थोरली. गजांच्या खालच्या बाजूला एक खिडकीसारखी फट होती आणि तिच्यापुढे लाकडी ठोकळा. डॉक्टरीणबाईंनी कलिंगडाची फोड दाखवून हाक मारली तशी थोरलीनं डावा पाय उचलून ठोकळ्यावर ठेवला. वहिनीची नेहमीची टेप घेराला पुरेना, तेव्हा नणंदेची शिवणाची टेप लावली. थोरलीनं सोंडेचं टोक वहिनीच्या मानेमागे आणून दोनदा ऊन श्वास सोडला. वहिनी हलली नाही. आयुष्यभर लोकांनी तिच्यापुढे लाजत, अंग चोरत मोजे काढले होते. असं न लाजता पाय पुढे करणारं गिऱ्हाईक तिला पहिल्यांदाच भेटत होतं.

थोरलीचा राखणदार मात्र लांब, पाण्याच्या टाकीजवळ उभा होता. पन्नाशी उलटलेला, अबोल माणूस. खेळापासून तोच तिच्याबरोबर होता म्हणे. तिला खाऊ घालायचा, न्हाऊ घालायचा, पण डाव्या पायाकडे फिरकायचा नाही. वहिनीला वाटलं, कामचुकार दिसतोय.

अकरा दिवसांत बूट झाला. ट्रकच्या टायरचा तळ, आत लोकर दाबून केलेल्या नमद्याची गादी, वर तंबूचं जाड कापड, आणि आवळायला तीन रुंद चामडी पट्टे, लोखंडी बकलांचे. नणंदेच्या दोन सुया मोडल्या. गल्लीतले लोक उगाच दुकानात डोकावून जायला लागले.

बूट घालायच्या दिवशी थोरलीनं नेहमीसारखा पाय ठेवला. वहिनीनं बूट पुढे सरकवला, पहिला पट्टा उचलला आणि बकल खळकन वाजलं.

पाय कधी मागे गेला ते कुणालाच कळलं नाही. थोरली मागे सरत सरत आवाराच्या मागच्या भिंतीला टेकली. कान ताठ पसरलेले, सोंडेचं टोक स्वतःच्याच तोंडात घातलेलं, आणि मागच्या पायांवरून मूत वाहत होतं. एवढं मोठं जनावर, पण भेदरलेल्या लेकरासारखं झालं होतं.

टाकीजवळून राखणदार पहिल्यांदाच पुढे आला, पण तिच्याकडे नाही, वहिनीकडे.

"तुमचं काही चुकलं नाही, ताई," तो म्हणाला. "हा आवाज तिनं बावीस वर्षं रोज ऐकलाय. याच पायात साखळी असायची. ती मीच बांधायचो. पाय दिला नाही, तर अंकुशानं टोचायचोही मीच."

वहिनीनं बूट उचलून घेतला. परतताना बसमध्ये ती पट्ट्यांची बकलं उलटसुलट करून पाहत राहिली. त्या माणसाचा राग आला होता हे खरं, पण आपणही न विचारता तेच लोखंड थोरलीच्या पायाशी नेलं, ही गोष्ट तिला जास्त डाचत होती.

मग दुकानात नवीनच उद्योग सुरू झाला. बकलं उसवून काढली आणि बंदासाठी एकेक वस्तू दोघी कानाशी धरून हलवू, ओढू, आवळू लागल्या. वेल्क्रोची चिकटपट्टी उघडताना टर्रकन फाटल्यासारखी वाजे, म्हणून बाद. लाकडी खुंट्या एकमेकींवर आपटत, त्याही बाद. चामडं करकरायचं. साच्यासाठी आलेले एक आजोबा अर्धा तास खुर्चीत बसून या दोघींकडे पाहत होते. शेवटी त्यांनी न राहवून विचारलं, की पायाच्या दुकानात कानाचं काय काम. सगळं ऐकल्यावर तेच म्हणाले, खाटेची नवार बघा. सुती, रुंद, मऊ नवार. नणंदेनं ती ओढून पाहिली, वहिनीनं डोळे मिटून ऐकलं. काहीही ऐकू आलं नाही.

नवार लावलेला बूट डॉक्टरीणबाईंनी आधी नुसताच थोरलीच्या आवारात ठेवून दिला. थोरलीनं तो हुंगला, लोळवला, एक दिवस डोक्यावर घेऊन मिरवला आणि तिसऱ्या दिवशी पाण्यात बुचकळला. अकरा दिवसांची मेहनत चिखलात लोळताना पाहून वहिनीचा जीव खालीवर झाला, पण तिनं तो परत मागितला नाही. आठवड्यानं थोरलीनं पाय दिला. वहिनीनं तीन गाठी मारल्या. थोरली चार पावलं चालली, थांबली, बुटाला सोंड लावून पाहून पुन्हा चालू लागली. नणंद डोळे पुसत हसत होती.

पण बूट रोज दोनदा काढून जखम धुवायची होती. वहिनीला दुकान होतं, डॉक्टरीणबाईंना चार ठिकाणची जनावरं. रोज तिथं असणारा माणूस एकच, राखणदार. त्यानं नकारार्थी मान हलवली. तुम्हाला तिनं पाय दिला, मला देण्याची तिच्यावर सक्ती नको, एवढंच म्हणाला.

वहिनी त्याच्याशेजारी टाकीच्या कठड्यावर बसली. "सक्ती नाहीच करायची," ती म्हणाली. "तुम्ही नुसते ठोकळ्याशी बसा. नाही दिला पाय, तर उठून जा. नाही म्हणायची मुभा तिला आजवर कुणी दिली होती?"

तो बसू लागला. रिकामे हात मांडीवर, तळवे वर. थोरली लांब उभी राही. तो उठून गेल्यावर डॉक्टरीणबाई तेवढे दिवस वेळ काढून जखम धूत. आठ दिवस असेच गेले. नवव्या दिवशी नवार बदलायला वहिनी आली तेव्हा थोरली गजांपाशी उभी होती. तिची सोंड त्याच्या तळव्यांवरून फिरली, बाहीत शिरली, मानेवरून डोक्यावर गेली. बराच वेळ ती काहीतरी शोधत असल्यासारखी हुंगत राहिली. मग छातीतून खोल घुमणारा आवाज आला, आणि पाय ठोकळ्यावर टेकला.

त्यानं जखम धुतली. नवारीच्या तिन्ही गाठी वेड्यावाकड्या बसल्या. वहिनीनं त्या सुधारल्या नाहीत.

"माफ केलं असं नाही म्हणणार मी," तो नंतर म्हणाला. "तेवढं मागायचं तोंड नाही मला."

संध्याकाळीही तुम्हीच बांधाल ना, एवढं वहिनीनं विचारलं. त्यानं होकार दिला.

तीन आठवड्यांनी राखणदार स्वतःच तो बूट काखेत मारून दुकानात आला. तळ झिजून पार आरपार भोक पडलं होतं. तो ओशाळून सांगू लागला, की जखम कडेनं भरत आलीय, दुखणं कमी झालंय, त्यामुळे थोरली आता एका जागी थांबतच नाही. पार पलीकडच्या झाडांपर्यंत जाते, तिथून वाटेल तेव्हा परत येते. हाक मारली तरी लगेच येईलच असं नाही.

वहिनीनं बूट उलटा करून खिडकीतल्या उजेडात धरला. एरवी इतक्या लवकर कुणी तळ झिजवून आणला असता, तर तिनं चांगलंच सुनावलं असतं. आता ती त्यावरून अंगठा फिरवत राहिली. आधीची झीज नुसती बाहेरच्या कडेला होती, म्हणजे थोरली पाय तिरका टाकत होती. त्यावरची ताजी झीज मात्र सगळीकडून सारखी होती.

"सरळ चालायला लागलीय," तिनं नणंदेला हाक मारून सांगितलं, आणि टायरचा नवा तुकडा कापायला घेतला.