भुऱ्याचं पत्र परत गेलं

मी एक जुनी टपालाची पिशवी आहे, मित्रांनो. खाकी कापडाची, दोन ठिगळांची. हल्ली मी पोस्टाच्या मागच्या खोलीत खिळ्याला लटकते आणि माझ्यात फडकी कोंबतात. त्याचं दुःख मी गिळलं आहे. माझा संताप वेगळाच आहे.

वीस वर्षं मी भुईगावात हरेश्वर पोस्टमनच्या खांद्यावरून फिरले. काय एकेकाची तऱ्हा! पाकिटावर झकरियास, घरात बाळक्या. पाकिटावर इझिकिएल, गल्लीत पोप्या. बायबलातलं भारदस्त नाव हौसेनं ठेवायचं आणि चर्चमधून घरी पोचेपर्यंत विसरायचं! पण हरेश्वरला सगळी टोपणनावं तोंडपाठ. "मी आणि माझी पिशवी, आम्ही कधी चुकत नाही," असं तो चारचौघांत सांगे. मला केवढा अभिमान वाटे.

गावातल्या सॅन्टन रुमावला पहिला मुलगा झाला. थोरल्या नातवाला आजोबांचं नाव, ही घरची रीत. म्हणून तो बार्थोलोम्यू. पण सासऱ्याचं नाव सुनेनं तोंडात घ्यायचं नाही, हीही रीतच! मग त्याच्या आईनं, मटिल्डाबायनं, पोराचे भुरकट केस पाहून हाक मारली, "भुऱ्या!" झालं. अख्खं गाव भुऱ्या म्हणू लागलं. पुढे आजोबा वारले, तरी हा भुऱ्याच राहिला.

एक्याऐंशी साली हरेश्वर निवृत्त झाला आणि मी गंगाराम या नव्या पोस्टमनकडे आले. तो परगावचा. त्याच वर्षी भुऱ्यानं कारखान्यात फिटरच्या जागेसाठी अर्ज केला होता. मुलाखतीच्या पत्राकडे सगळ्या घराचे डोळे लागले होते.

पत्र आलं. माझ्याच पोटात होतं. गंगारामनं अंगणातून विचारलं, "बाई, बार्थोलोम्यू रुमाव इथंच राहतात ना?"

मटिल्डाबायनं डोक्यावर पदर घेतला. "ते वारले की. तीन वर्षं झाली."

अगं, तुझा लेक आहे तो! अरे गंगाराम, मधलं नाव तरी वाच, सॅन्टन लिहिलंय! मी आतल्या आत नुसती तडफडत होते. गंगारामनं पाकिटावर 'मालक मयत' असं लिहिलं. तो निघाला, तर मटिल्डाबायच मागून विचारते, "आमच्या भुऱ्याचं काही नाही का आलं?"

"नाही बाई," तो म्हणाला. पत्र परत गेलं.

पंधरा दिवसांनी शेजारचा क्लेमेंट त्याच कारखान्यात लागला. तेव्हा भुऱ्या आईला घेऊन पोस्टात आला. गंगारामनं आठवून सगळं सांगितलं. "मीच रे, मीच घालवलं," असं म्हणत मटिल्डाबाय पायरीवर मटकन बसली. वीस वर्षांत न चुकलेली मी, आणि चुकले ती नेमकी इथं!

मित्रांनो, लाडाची नावं खुशाल ठेवा. पण बाप्तिस्म्याचं नाव कपाटातल्या कोटासारखं जपून ठेवू नका. रोज एकदा तरी त्या नावानं हाक मारा.

दुसऱ्या दिवशी आम्ही त्यांच्या घरावरून जात होतो. मटिल्डाबाय दारात उभी होती. तिनं छातीवर क्रूसाची खूण केली आणि जन्मात पहिल्यांदा मोठ्यानं हाक मारली, "बार्थोलोम्यू! ए बार्थोलोम्यू, जेवायला ये!"

दहा पावलांवर भुऱ्या केळींना पाणी लावत होता. त्यानं वळूनसुद्धा पाहिलं नाही.